टोमॅटोला कोणतं मिश्रखत? आधी वाण बघा, मग गोणी

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न असा आहे. मागच्या खरिपात त्यांनी दीड एकरात तीन वाण अर्धा-अर्धा एकर लावले: अर्का रक्षक, धनश्री आणि खासगी कंपनीचा एक उंच वाढणारा संकरित वाण. बेसलला, म्हणजे लागवडीच्या वेळी बेडमध्ये, अर्का रक्षकला १०:२६:२६ (हे आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशाची टक्केवारी), धनश्रीला १८:१८:१० आणि उंच वाणाला दाणेदार १९:१९:१९ दिलं, प्रत्येकी तीन गोण्या. पुढे तिघांनाही एकेक गोणी युरिया, दोन-तीन हप्त्यांत. अर्का रक्षकनं सुरुवात जोरात केली, पण पाचव्या-सहाव्या तोड्यानंतर झाड पिवळं पडून थांबलं. धनश्रीला पाला भरपूर आला, फुलं उशिरा लागली, फळ मऊ निघालं. उंच वाणाचे कॅरेट सर्वांत जास्त भरले, पण शेवटच्या महिन्यात माल बारीक झाला आणि देठाजवळ पिवळा राहिला. त्यावरून त्यांनी ठरवलं की १९:१९:१९ सर्वांत भारी. यंदा तिन्ही वाणांना तेच टाकू का, असं ते विचारतात.

भाऊ, टाकू नका. तुमच्या प्लॉटमध्ये वाणही बदलला आणि खतही बदललं. मग जास्तीचे कॅरेट वाणामुळे आले की खतामुळे, हे वेगळं काढायला जागाच राहिली नाही. उंच वाण मुळातच जास्त दिवस चालतो, जास्त घड धरतो. त्याच्याखाली कोणतीही बऱ्यापैकी गोणी असती तरी तोच पुढे गेला असता. तरीही तुमची मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. तुम्ही झाडं नीट बघितली आहेत, आणि तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं गोणीवरच्या आकड्यांशी जुळतात. ते जुळवून बघू.

तीन गोण्या म्हणजे दीडशे किलो, अर्ध्या एकराला. एकरी हिशोब धरला तर तीनशे किलो. १०:२६:२६ मधून एकरी ३० किलो नत्र, ७८ किलो स्फुरद आणि ७८ किलो पालाश गेलं. १८:१८:१० मधून ५४, ५४ आणि ३०. १९:१९:१९ मधून तिन्ही ५७. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असतं. अर्ध्या एकराला एक गोणी म्हणजे एकरी ४१ किलोची भर. एकूण नत्र झालं अर्का रक्षकला ७१, धनश्रीला ९५ आणि उंच वाणाला ९८. गोण्या सारख्या होत्या, पोटातलं अन्न सारखं नव्हतं. एका वाणाला पालाश दुसऱ्याच्या अडीचपटीहून जास्त मिळालं.

आता शिफारस बघा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस सरळ (संकरित नसलेल्या) वाणांना हेक्टरी २००:१००:१०० आणि संकरित वाणांना ३००:१५०:१५० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी आहे, शिवाय हेक्टरी २० टन शेणखत. एकरी करायचं तर सरळ वाणाला ८०:४०:४० आणि संकरिताला १२०:६०:६०. धनश्री सरळ वाण आहे, अर्का रक्षक आणि तुमचा उंच वाण संकरित. म्हणजे ज्याला कमी नत्र हवं त्या धनश्रीला तुम्ही ९५ दिलं, आणि ज्याला १२० हवं त्या अर्का रक्षकला ७१. लक्षणांचं मूळ इथं आहे.

अर्का रक्षक हा बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित वाण. अर्ध-मर्यादित वाढीचा (काही उंचीनंतर वाढ थांबणारा), ९० ते १०० ग्रॅमचं कडक, चौकोनी-गोल फळ, आणि पर्णगुच्छ विषाणू, जीवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक. संस्थेच्या माहितीप्रमाणे १४०-१५० दिवसांत हेक्टरी ७५ ते ८० टनांची त्याची क्षमता आहे. एवढं फळ अंगावर घेणाऱ्या झाडाला ७१ किलो नत्रात शेवटपर्यंत उभं राहता येत नाही. सुरुवातीला स्फुरद भरपूर होतं म्हणून मूळ चाललं, पालाश होतं म्हणून फळ कडक आणि रंगदार आलं. मग नत्र संपलं. फळं पानांतलं नत्र ओढून घेतात, आधी खालची पानं पिवळी पडतात आणि नवीन शेंडा थांबतो. तुम्ही पाहिलंत ते हेच. तिथं ४९ किलो नत्र कमी पडलं, म्हणजे साधारण १०६ किलो युरिया. तो एकदम टाकायचा नसतो, लागवडीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत आठवड्याला थोडा-थोडा ठिबकमधून सोडायचा असतो.

धनश्रीची गोष्ट उलटी. तिला लागवडीलाच ५४ किलो नत्र मिळालं. शिफारशीत अर्धं नत्र लागवडीला, म्हणजे तिच्यासाठी ४० किलो, आणि उरलेलं पुढे हप्त्यानं. जास्तीचं नत्र सुरुवातीलाच मिळालं की झाड पाल्यात जातं, फूल लांबतं, फुलगळ वाढते. त्यात तिला पालाश शिफारशीपेक्षा एकरी दहा किलो कमी गेलं. नत्र जास्त आणि पालाश कमी असलं की फळाची साल पातळ राहते आणि फळ लवकर नरम पडतं. मऊ, लुसलुशीत पाल्यावर पांढरी माशीही जास्त बसते आणि पर्णगुच्छ विषाणू तीच पसरवते, हे खरिपात विसरून चालत नाही.

उंच वाणाच्या बाबतीत स्फुरद आणि पालाशाचं एकूण प्रमाण शिफारशीच्या जवळ होतं. तिथं चुकलं ते वेळापत्रक. सगळं पालाश लागवडीला बेडमध्ये गेलं आणि फळं मात्र तीन महिने लागत राहिली. मर्यादित किंवा अर्ध-मर्यादित वाण आपली बहुतेक फळं थोड्या आठवड्यांत धरतो, त्यामुळे लागवडीला दिलेलं पालाश त्याला वेळेवर सापडतं. तुमच्या उंच वाणासारख्या अमर्यादित (शेवटपर्यंत वाढत राहणाऱ्या) वाणाला दर आठवड्याला नवा घड येतो, आणि प्रत्येक घडाच्या फुगवणीला ताजं पालाश लागतं. शेवटच्या महिन्यातला बारीक माल आणि देठाजवळचा पिवळा भाग हे पालाश कमी पडल्याचं लक्षण आहे.

अर्थात पिवळ्या खांद्याचं, म्हणजे देठाजवळच्या या पिवळेपणाचं, कारण एकटं पालाशच असतं असं नाही. काही वाणांच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवा पट्टा असतो. तो उन्हात नीट पिकत नाही, हा वाणाचाच गुण आहे. तापमान तीस-बत्तीस अंशांच्या वर राहिलं की लाल रंगद्रव्य तयार होणं मंदावतं आणि फळ पिवळसर-नारिंगी होतं. पाला झडून फळ उघडं पडलं की तेच होतं. आणि २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर-नारायणगाव भागात जो तिरंगा (फळ सारखं लाल न होता त्यावर वेगवेगळे रंग राहणं) दिसला त्यामागे विषाणू होते, त्यावर कोणत्याही खताचा उपाय नव्हता. तुमच्या प्लॉटात मात्र पहिले तोडे लाल आले, पिवळेपणा शेवटी वाढला, आणि तो थंडी सुरू होण्याच्या दिवसांत वाढला. म्हणून मी पालाशाकडे बोट दाखवतो.

आता खरा मुद्दा. मिश्रखताचा वाणावर होणारा परिणाम गोणीच्या नावात नसतो. दोन संकरित वाण एकाच जमिनीत सारखंच उत्पादन देणार असतील तर त्यांना लागणारं एकूण अन्न जवळपास सारखं असतं, पण ते कोणत्या आठवड्यात लागतं यात मोठा फरक असतो. गोणी निवडायची ती या वेळापत्रकाकडे बघून. तुमच्या तीन वाणांसाठी मी कशी निवडेन ते सांगतो.

अर्का रक्षकला १०:२६:२६ चुकीचं नव्हतं. ६० किलो स्फुरदासाठी ते एकरी २३० किलो लागतं. त्यातून पालाशही ६० मिळतं आणि नत्र फक्त २३. उरलेलं ९७ किलो नत्र वेगळं द्यायचं हे लक्षात ठेवलं की झालं. धनश्रीला १८:१८:१० एकरी २२० किलोच्या आसपास पुरे. त्यातून नत्र आणि स्फुरद ४०-४० आणि पालाश २२ मिळतं. उरलेलं १८ किलो पालाश फळधारणेनंतर ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश) मधून द्यायचं, ३६ किलो लागेल. आणि उंच वाणाला मी १९:१९:१९ ऐवजी १२:३२:१६ घेईन. १८७ किलोत ६० किलो स्फुरद पूर्ण होतं, पालाश ३० म्हणजे बरोबर निम्मं बेडमध्ये जातं, आणि उरलेलं निम्मं फळ लागल्यापासून शेवटपर्यंत ठिबकमधून देता येतं. ३० किलो पालाशासाठी ६० किलो ०:०:५० लागेल, दहा आठवड्यांत आठवड्याला सहा किलो. काही हप्ते १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चे घेतले तर त्यात थोडं नत्रही मिळतं.

हे आकडे जमिनीवर हलवावे लागतात आणि नाशिक जिल्ह्यात जमीन दर पाच कोसांवर बदलते. एक टन टोमॅटो तयार करायला झाड अंदाजे अडीच ते तीन किलो नत्र, एक किलोच्या आतबाहेर स्फुरद आणि चार-पाच किलो पालाश उचलतं. एकरी तीस टन माल काढायचा तर १२० ते १५० किलो पालाश झाडात जाणार. शिफारशीत तर ६० आहे. बाकीचं कुठून येतं? निफाड, पिंपळगाव बसवंतकडच्या काळ्या जमिनीच्या पोटातून आणि शेणखतातून. पण गिरणारे किंवा दिंडोरीच्या पश्चिमेच्या हलक्या, मुरमाड रानात तेवढा साठा नसतो. तिथं उंच वाण घेतला तर ६० किलो पालाशावर शेवटचे तोडे हमखास बारीक होतात. शिवाय त्या बाजूला जुलै-ऑगस्टचा पाऊस नत्र धुऊन नेतो, म्हणून बेसलला नत्र कमी ठेवून हप्ते वाढवावेत. सिन्नर-येवल्याच्या कमी पावसाच्या भागात नत्र धुपण्याची भीती कमी आणि बोअरच्या खारट पाण्याची जास्त. तिथं पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश (क्लोराइड असलेलं पोटॅश) टाळून सल्फेटच घ्यावं.

आपल्याकडे आणखी एक प्रकार वाढला आहे: द्राक्षबाग काढून टोमॅटो. अशा रानात वर्षानुवर्षे ओतलेलं स्फुरद पडून असतं, पालाशही बऱ्याचदा भरपूर असतं, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारून फवारून तांबंही साठलेलं असतं. तिथं पुन्हा ७८ किलो स्फुरद टाकणं म्हणजे पैसे मातीत घालून वर जस्त आणि लोहाची कमतरता विकत घेणं. आपल्या चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपासच्या जमिनीत जस्त-लोह आधीच झाडाला कमी मिळतं, जास्तीचं स्फुरद जस्ताला आणखी अडवतं. तुमचं रान जुनं द्राक्षाचं असेल तर माती परीक्षण केल्याशिवाय बेसलची एकही गोणी आणू नका. लागवडीच्या महिनाभर आधी नमुना द्या. मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र नाशिकलाच आहे.

फळाचं बूड काळं पडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हे तीन वाण शेजारी लावणार असाल तर ते दिसेलच. लांबट फळांच्या वाणांत ते जास्त येतं. कारण कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत न पोहोचणं हे आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम कमी नसतं, तरीही हे होतं, कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडात चढतं. दोन दिवस पाणी बंद, तिसऱ्या दिवशी चार तास, असं चाललं की ते तुटतं. वर बेसलला अमोनिया स्वरूपातलं नत्र आणि पालाश मुळाशी दाटून टाकलं असेल तर मूळ कॅल्शियम आणखी कमी उचलतं. म्हणून लांबट वाणाला बेसल हलकी, पाणी रोज सारखं, आणि फुलोऱ्यापासून कॅल्शियम नायट्रेटचे हप्ते. त्यात साडेपंधरा टक्के नत्र आहे, ते युरियाच्या हिशोबातून वजा करायला विसरू नका. पानावरची कॅल्शियमची फवारणी फळापर्यंत फारशी जात नाही, पानातलं कॅल्शियम फळाकडे वळत नाही. आणि कॅल्शियम नायट्रेट कधीही १२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट) किंवा ०:०:५० बरोबर एका टाकीत टाकू नका, दह्यासारखा साका होऊन ड्रिपर बंद होतात. वेगळ्या दिवशी सोडा.

दुकानात सगळ्यालाच मिश्रखत म्हणतात, पण माल दोन प्रकारचा असतो. १०:२६:२६ आणि १२:३२:१६ ही संयुक्त खतं आहेत, त्यांच्या प्रत्येक दाण्यात तिन्ही अन्नद्रव्यं असतात. १८:१८:१० सारखी गोणी बहुधा वेगवेगळी खतं एकत्र मिसळून केलेली असते. वाहतुकीत हलून बारीक दाणे खाली बसतात. हातानं फेकताना बेडच्या एका टोकाला नत्र जास्त आणि दुसऱ्या टोकाला पालाश जास्त असं होऊ शकतं. धनश्रीच्या काही ओळी गर्द आणि काही फिक्या होत्या का, आठवून बघा. अशी गोणी ताडपत्रीवर रिकामी करून, वर-खाली करून मगच टाकायची. घरी मिश्रण करायचं तर युरिया, डीएपी (डाय अमोनियम फॉस्फेट) आणि पोटॅश ज्या दिवशी टाकायचं त्याच दिवशी मिसळा. युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून ठेवलं तर रात्रीतून ओलं होऊन गोळे होतात. सुपर फॉस्फेट मात्र सोडू नका. त्यात १६ टक्के स्फुरदाबरोबर गंधक आणि कॅल्शियमही आहे, ते डीएपीत नाही. गोणी विकत घेताना किंमत गोणीची न बघता त्यातल्या एकूण अन्नद्रव्याच्या किलोमागची बघावी.

यंदा तुम्हाला खरंच शिकायचं असेल, आणि तुमच्या प्रश्नावरून तसं वाटतं, तर प्लॉट असा आखा. ठिबकचं खत व्हॉल्व्हप्रमाणे जातं, म्हणून खताची योजना व्हॉल्व्हला बांधा आणि वाण त्या व्हॉल्व्हच्या बेडवर वाटा. चार व्हॉल्व्ह असतील तर दोनांवर योजना पहिली आणि दोनांवर दुसरी, चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक व्हॉल्व्हखाली तिन्ही वाण, प्रत्येकाचे किमान तीन बेड. दोन्ही योजनांत वाणाला मिळणारं एकूण नत्र, स्फुरद, पालाश तेवढंच ठेवा. फरक एकच: पहिलीत पालाश सगळं बेसलला, दुसरीत निम्मं बेसलला आणि निम्मं फळ लागल्यापासून. धनश्री आणि संकरित वाण यांच्या एकूण गरजेत फरक आहे, पण तो दोन्ही योजनांत बेसलमध्ये सारखाच हातानं भरून काढा. लागवडीची तारीख, रोपाचं वय, अंतर, तार-काठी, फवारण्या सगळ्यांना सारख्या.

वजन करताना तीन बेडमधला मधला बेडच मोजा, कडेच्या बेडना शेजारचं खत आणि ऊन दोन्ही मिळतं. प्रत्येक तोड्याला चार गोष्टी वहीत लिहा: तारीख, एकूण किलो, पहिल्या प्रतीचे कॅरेट आणि फेकून दिलेला माल, त्यात बूड काळं किती, तडकलेलं किती, पिवळ्या खांद्याचं किती. विषाणूनं गेलेली झाडं वेगळी मोजा. नाहीतर अर्का रक्षक रोगात टिकला म्हणून पुढे गेला आणि श्रेय खताला मिळालं, असं होईल. हंगामाच्या शेवटी बेरीज दोनदा करा, एकदा पूर्ण हंगामाची आणि एकदा पहिल्या सहा तोड्यांची. माझा अंदाज असा की अर्का रक्षक आणि धनश्रीत दोन्ही योजनांचा फरक थोडाच निघेल, उंच वाणात तो शेवटच्या पाच-सहा तोड्यांत ठळक दिसेल. पिंपळगावच्या बाजारात तुमचा माल नोव्हेंबरमध्ये जात असेल तर तेच तोडे तुमच्या कामाचे. ऑगस्टच्या भावावर डोळा ठेवून लवकर लावणार असाल तर उंच वाणाचा आणि महागड्या विद्राव्य पालाशाचा खर्च उचलण्याचं कारण नाही, अर्का रक्षकला १०:२६:२६ आणि वेळेवर नत्र एवढं पुरेल.

माती परीक्षणाचा अहवाल आला की त्यातलं स्फुरद, पालाश, सामू आणि चुनखडीचं प्रमाण कळवा. रान आधी कशाचं होतं तेही लिहा. त्यावर बेसलच्या गोण्या एकरी किती कमी करता येतील ते आपण बसवू.